दुसरी प्रत आणि तिची परीक्षा

ज्यांनीं जुन्या हस्तलिखित पोथ्या हाताळल्या असतील त्यांस ठाऊक आहे कीं, ग्रंथ संपला तरी लेखकाचें लिहिणें संपत नसे. शेवटच्या पानावर तो शक, मास, तिथि, वार घाली. आपलें व आपल्या तीर्थरूपांचें नांव लिही. आणि मग पुढें ज्याच्या हातीं ती पोथी पडेल त्यास विनवी कीं, बाबा रे, हिला तेलापासून व पाण्यापासून जप, आणि हिची बांधणी सैल होऊं देऊं नको. पाठ मोडून व मान वांकवून केलेलें महिन्यांचें काम एका कलंडलेल्या समईनें नाहींसें होतें, हें तो अनुभवानें जाणत असे. म्हणून जेथें विद्येची खरी चाड होती तेथें एका पोथीची दुसरी प्रत होई, आणि ती त्याच फडताळांत न राहतां दुसऱ्या गांवीं, गुरुबंधूच्या किंवा आप्ताच्या घरीं जाई.

आतां पोथीची जागा संगणकानें घेतली आहे. एकाच एकत्र कुटुंबाचा विचार केला तरी वडिलांच्या टेबलावर एक यंत्र, मुलांच्या खोलींत दोन, सुनेच्या कचेरीच्या कामाचें एक, प्रत्येकाच्या खिशांतील फोन निराळाच. आणि थोरला मुलगा बंगळुरास व धाकटी मुलगी परदेशीं असल्यास त्यांचीं आणखी. घराचें खरेदीखत, औषधोपचाराचे कागद, मुंजीचीं व लग्नांचीं छायाचित्रें, कुलवृत्तान्तासाठीं जमविलेली माहिती, गेलेल्या माणसांचा आवाज, हें सर्व ह्या पेट्यांत विखुरलेलें असतें. पूर्वीं घरांत एक तिजोरी असे व तिची किल्ली एकाच्या कमरेला असे. आज तिजोऱ्या दहा झाल्या, आणि किल्ली कोणापाशीं आहे हें कोणासच सांगतां येत नाहीं.

संगणकांतील मजकुराच्या दुसऱ्या प्रतीस सध्यां सर्वत्र बॅकअप म्हणतात. ज्या संस्थांत शेंकडों संगणक निरनिराळ्या इमारतींत व निरनिराळ्या गांवीं असतात, तेथें नेटवर्कच्या जाळ्यावरून त्या सर्वांची प्रत एका ठिकाणीं आणून चुंबकीय फितीवर उतरविण्याची एक विद्या गेल्या तीस-पस्तीस वर्षांत चांगली सिद्ध झाली आहे. आमचा एक पुतण्या हेंच काम करून संसार चालवितो. त्याच्याकडून समजून घेतलेल्या व आम्हीं स्वतः पडताळून पाहिलेल्या कांहीं गोष्टी ह्या महिन्यांत वाचकांपुढें मांडतों. यंत्रें मोठ्या संस्थांचीं असलीं तरी त्यांमागील शिस्त संसारी माणसानें उचलण्याजोगी आहे.

फीत हा शब्द ऐकतांच पुष्कळांस नाट्यगीतांच्या जुन्या कॅसेटी आठवतील, आणि ही वस्तु तर केव्हांच कालबाह्य झाली, असें ते म्हणतील. गाणें ऐकण्याच्या फिती मागें पडल्या हें खरें. संगणकाच्या फिती मात्र चालूच आहेत. १९५१ सालीं अमेरिकेच्या शिरगणती खात्यास युनिव्हॅक नांवाचा संगणक मिळाला, त्याच्या जोडीला धातूची, अर्धा इंच रुंदीची फीत होती. पुढच्याच वर्षीं, १९५२ मध्यें, आय. बी. एम. कंपनीनें प्लॅस्टिकच्या फितीचें यंत्र बाहेर काढलें. त्याच्या एका रिळावर सुमारें २० लाख आंकडे मावत. हल्लीं मोठ्या संस्थांत प्रचारांत असलेली एल. टी. ओ. जातीची फीत २००० सालीं आली, तेव्हां तिच्या एका डबीची धारणशक्ति १०० गिगाबाइट होती. २०२१ सालीं आलेल्या नवव्या पिढीच्या डबींत १८ टेराबाइट, म्हणजे त्याच्या १८० पट मजकूर राहतो. ही डबी तळहातावर मावते. तिच्या पोटांत सुमारें १,०३५ मीटर लांबीची फीत गुंडाळलेली असते. रुंदी मात्र सत्तर वर्षांपूर्वींप्रमाणें अर्धा इंचच राहिली आहे.

परंतु फितीचा मोठा गुण निराळाच आहे. काम संपलें कीं ती यंत्रांतून निघते आणि फळीवर जाऊन बसते. फळीवरच्या डबीला तार नाहीं, वीज नाहीं. दूरचा चोर, चुकून दिलेला हुकूम किंवा बिघडलेला प्रोग्रॅम तिच्यापर्यंत पोहोंचूं शकत नाहीं. ह्याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. २०११ च्या फेब्रुवारी महिन्याच्या अखेरीस गूगल कंपनीच्या जीमेल ह्या टपालसेवेंत एका नव्या प्रोग्रॅममधील दोषामुळें कांहीं लोकांचीं सर्व पत्रें एकाएकीं दिसेनाशीं झालीं. असे लोक शेंकडा ०.०२ एवढेच होते. पण वापरणारांची एकूण संख्याच कोट्यवधि असल्यामुळें एवढा अंशहि हजारोंच्या घरांत जातो. त्या पत्रांच्या प्रती एकाहून अधिक ठिकाणीं ठेवलेल्या होत्या. परंतु त्या सर्व एकमेकींशीं जोडलेल्या, त्यामुळें एकींत शिरलेला दोष दुसरींतहि उतरला. शेवटीं फितींवरून पत्रें परत आणावीं लागलीं, कारण त्या तेवढ्या जाळ्याच्या बाहेर होत्या.

येथें आरसा आणि तसबीर ह्यांतील भेद लक्षांत घ्यावा. अनेक घरांत फोनमधील छायाचित्रें आपोआप दुसरीकडे जातात व तेवढ्यावर मंडळी निश्चिंत असतात. ती सोय चांगली आहे, परंतु पुष्कळदां ती आरशासारखी असते. नातवानें खेळतां खेळतां फोनवरील एक चित्र पुसलें कीं तिकडचेंहि पुसलें जातें. आरशांत आजचें तोंड दिसतें. तसबिरींत त्या दिवसाचें राहतें. अडचणीच्या वेळीं आपणांस हवें असतें तें कालचें, बिघडण्यापूर्वींचें.

आतां ही तसबीर काढावयाची कोणी? प्रत्येकानें आपापल्या यंत्राची प्रत आपण घ्यावी, हा नियम सांगावयास फार सोपा आहे. आमचें आयुष्य वर्गांत गेलें. "वह्यांना उद्यां कव्हरें घालून आणा" असें सांगितल्यावर दुसऱ्या दिवशीं किती वह्यांना कव्हरें असतात, हें आम्हांस चांगलें ठाऊक आहे. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेंतील मेरीलंड विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागापुढें हाच प्रश्न होता. विभागांत यंत्रें पुष्कळ, प्रत्येकाचा धनी निराळा, आणि प्रत घेण्याचें कोणाच्या लक्षांत राहील ह्याचा भरंवसा नाहीं. तेथील जेम्स डा सिल्वा, ओलाफुर गुडमुंडसन प्रभृतींनीं त्यावर एक प्रोग्रॅम रचला व त्याचें नांव ॲमँडा ठेविलें. हें नांव आद्याक्षरांचें बनविलेलें आहे. त्याचा भावार्थ, जाळ्यावरून डिस्कांचा संग्रह आपोआप करणारा मेरीलंडचा कारभारी, असा सांगतां येईल. १९९२ सालीं युझनिक्स ह्या संस्थेच्या परिषदेंत त्यांनीं त्याविषयीं निबंधहि मांडला. प्रोग्रॅम सर्वांस मोफत दिला, त्यामुळें तो पुढें कितीतरी विद्यापीठांत व कचेऱ्यांत वापरांत आला.

त्याची रीत अशी. एक यंत्र मुख्य. फितीचें उपकरण त्याला जोडलेलें. बाकीचीं यंत्रें वरच्या मजल्यावर असोत कीं दुसऱ्या गांवीं असोत, रात्रीं ठरल्या वेळीं मुख्य यंत्रच त्या प्रत्येकाकडे चौकशीस जातें. तुझी संपूर्ण प्रत घ्यावयाची तर किती मजकूर होईल, आणि मागील प्रतीनंतर बदललें तेवढेंच घ्यावयाचें तर किती होईल, असे दोन प्रश्न तें विचारतें. उत्तरें आलीं कीं त्या रात्रीच्या फितीवरील जागा पाहून आंखणी करतें: आज अमक्या यंत्रांची संपूर्ण प्रत, बाकीच्यांचा केवळ फरक. ज्याची संपूर्ण प्रत आज झाली नाहीं त्याची पाळी ठरलेल्या दिवसांच्या आंत लागतेच. यंत्राचा धनी घरीं झोंपलेला असतो. त्याला कांहींच आठवावें लागत नाहीं. सगळ्या व्यवस्थेंतील शहाणपण आम्हांस येथेंच दिसतें. जी गोष्ट दहाजणांच्या स्मरणावर सोंपविली ती होत नाहीं. जी एकाच्या नेमांत बसविली ती होते.

फरक घेण्यानें किती वांचतें तें साध्या त्रैराशिकानें पाहूं. समजा, १४ यंत्रें आहेत, प्रत्येकावर १०० गिगाबाइट मजकूर आहे, आणि रोज त्यांतील २ गिगाबाइट नवा होतो. रोज सर्वांची संपूर्ण प्रत घ्यावयाची तर १,४०० गिगाबाइट उतरावे लागतील. त्याऐवजीं सात दिवसांचें चक्र ठेविलें तर रोज दोनच यंत्रांची संपूर्ण प्रत, म्हणजे २०० गिगाबाइट. उरलेल्या १२ यंत्रांपैकीं दोघांची संपूर्ण प्रत काल झालेली, दोघांची परवां, याप्रमाणें सहा दिवसांपर्यंत. त्यांचे फरक अनुक्रमें २, ४, ६, ८, १०, १२ गिगाबाइट. त्यांची बेरीज ४२, आणि प्रत्येक प्रकारचीं यंत्रें दोन म्हणून ८४. एकूण २८४ गिगाबाइट, म्हणजे मूळच्या सुमारें एकपंचमांश. कोणतेंहि यंत्र बुडालें तरी शेवटची संपूर्ण प्रत व शेवटचा फरक एवढ्या दोन गोष्टींवरून तें कालच्या स्थितींत परत उभें राहतें.

यंत्र दूर असलें म्हणजे हा हिशेब अधिकच महत्त्वाचा होतो. एक टेराबाइट म्हणजे ८० लाख मेगाबिट. गांवाकडची जोडणी सेकंदास २० मेगाबिट वाहून नेत असेल, तर एवढा मजकूर आणण्यास ४ लाख सेकंद, म्हणजे साडेचार दिवसांहून अधिक काळ लागेल. पण त्यांतील शेंकडा २ एवढाच, म्हणजे २० गिगाबाइट, आणावयाचा असेल तर ८,००० सेकंद पुरतात. सव्वादोन तासांच्या आंत काम आटोपतें. म्हणून दूरच्या यंत्राची पहिली संपूर्ण प्रत डिस्कवर घेऊन हातानें आणावी आणि पुढचा रोजचा फरक तेवढा जाळ्यावरून आणावा, अशी युक्ति पुष्कळ ठिकाणीं करतात.

आणखी एक अडचण खुद्द फितीची आहे. ती वेगानें धांवते, आणि धांवत असतांना तिला मजकूर एकसारखा मिळाला पाहिजे. दूरचें यंत्र मजकूर सावकाश पाठवूं लागलें तर फितीला थांबावें लागतें, थोडें मागें जावें लागतें, पुन्हां वेग घ्यावा लागतो. अशा ओढाताणींत वेळ जातो आणि फीतहि झिजते. जात्यावर बसलेल्या बाईस हें समजावून सांगावें लागणार नाहीं. मुठीमुठीनें दाणे वैरले नाहींत तर दगडावर दगड फिरतो. म्हणून दळावयास बसण्यापूर्वींच सूप भरून शेजारीं घेतलेलें असतें. ॲमँडामध्यें हें सुपाचें काम एक मधली डिस्क करते. अनेक यंत्रांचा मजकूर एकाच वेळीं येऊन तींत सांठतो, आणि एकेकाची प्रत पुरी झाली कीं तेथून ती अखंड वेगानें फितीवर उतरते. एखाद्या रात्रीं फीत चढविण्यास मनुष्य विसरला, तरी मजकूर त्या सुपांत राहतो व दुसऱ्या दिवशीं फितीवर घालतां येतो.

फितींची ओळखहि काटेकोर असते. प्रत्येक फितीवर आरंभींच तिचें नांव लिहिलेलें असतें. जिच्यावरील मजकूर अजून राखावयाचा आहे अशी फीत चुकून चढविली, तर यंत्र ती लिहिण्यास नाकारतें. काम सुरू होण्यापूर्वीं योग्य फीत जागेवर आहे कीं नाहीं हें पाहून ठेवण्याची सोय आहे, आणि काम झाल्यावर कोणाची प्रत झाली, कोणाची राहिली, ह्याचा अहवाल सकाळीं व्यवस्थापकाकडे जातो. सर्वांत आवडली ती गोष्ट ही कीं, फितीवरील प्रत्येक प्रतीच्या आरंभीं ३२ किलोबाइटांचें एक पान राखून ठेविलेलें असतें. ही प्रत कोणत्या यंत्राची, कोणत्या दिवसाची, आणि कोणत्या हुकुमानें ती उलगडावी, हें त्यावर साध्या अक्षरांत लिहिलेलें असतें. उद्यां ॲमँडा प्रोग्रॅमच हाताशीं नसला तरी जाणता मनुष्य तें पान वाचून फीत उलगडूं शकतो. पोथीच्या शेवटीं पुढच्या अनोळखी वाचकासाठीं चार ओळी लिहिणाऱ्या लेखकाचेंच हें कुळ.

प्रत झाली, आतां ती ठेवावयाची कोठें? १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथें ओ. व्ही. एच. क्लाउड ह्या कंपनीच्या संगणकगृहास आग लागून एक संपूर्ण इमारत जळून गेली. ज्यांची प्रत दुसऱ्या गांवीं होती त्यांचें निभावलें. कांहींची मूळ वस्तु आणि प्रत एकाच ठिकाणीं होती, त्यांचें दोन्ही गेलें. म्हणून प्रत दूर पाठवावी. पण दूर पाठवितांना ती वाटेंत दुसऱ्याच्या हातीं पडूं शकते. २००५ सालीं अमेरिकेंत सिटीग्रुप कंपनीच्या फितींची एक पेटी वाहतुकींत गहाळ झाली. तींत ३९ लाख ग्राहकांची माहिती होती. तेव्हांपासून मजकूर सांकेतिक करूनच फितीवर घालण्याची निकड सर्वांस अधिक पटली, आणि २००७ पासून, म्हणजे एल. टी. ओ. च्या चौथ्या पिढीपासून, ती सोय फितीच्या यंत्रांतच आली. ह्या सोयीबरोबर एक नवी जबाबदारीहि आली. संकेताची किल्ली हरवली तर फीत असून नसल्यासारखी होते. तेव्हां किल्ली कागदावर लिहून फितीपासून वेगळी, पण दोघां विश्वासू माणसांस ठाऊक अशा जागीं ठेविली पाहिजे.

एवढें सर्व केल्यावर मनुष्य निर्धास्त होतो, आणि खरा धोका तेथूनच सुरू होतो. आमचा पुतण्या म्हणाला, "काका, प्रत घेतली म्हणजे काम झालें असें सगळे समजतात. आमच्याकडे मात्र फितीवरून परत आणून उघडून दाखवीपर्यंत तिला प्रत म्हणत नाहींत." ह्या बोलण्याचें मर्म २०१७ सालच्या एका घटनेवरून कळेल. गिटलॅब ही प्रोग्रॅम लिहिणारांचें काम सांठवून ठेवणारी कंपनी. ३१ जानेवारीच्या रात्रीं तेथील एका कामगारानें दुरुस्ती करतांना, दुय्यम यंत्रावर द्यावयाचा पुसण्याचा हुकूम चुकून मुख्य यंत्रावर दिला. चूक लक्षांत येऊन त्यानें हात आंवरला तोंपर्यंत सुमारें ३०० गिगाबाइट मजकुरापैकीं जेमतेम ४.५ गिगाबाइट उरला होता. मग प्रतींची शोधाशोध सुरू झाली. रोजची प्रत जेथें जावयाची ती जागा रिकामी निघाली, कारण प्रत घेणाऱ्या प्रोग्रॅमची आवृत्ति जुनी व मजकुराची नवी असल्यामुळें तो रोज अर्ध्यावर थांबत होता. थांबल्याची सूचना तो टपालानें पाठवीत होता. पण ती टपालाच्या नियमांत न बसल्यानें मध्येंच नाकारली जात होती. शेवटीं सुमारें सहा तासांपूर्वीं दुसऱ्याच कामासाठीं कोणीं घेतलेली एक प्रत सांपडली म्हणून कंपनी सांवरली. मधल्या सहा तासांचें लोकांचें काम मात्र गेलें. कंपनीनें ही सर्व हकीकत लपवून न ठेवतां स्वतःच प्रसिद्ध केली, हें तिला भूषणावह आहे. व्यवस्था एकाहून अधिक होत्या. त्यांची परीक्षा कोणी घेतली नव्हती.

आपल्याकडील वैदिकांस हें तत्त्व फार प्राचीन काळापासून ठाऊक होतें. संहिता नुसती पाठ करून ते थांबले नाहींत. क्रमपाठांत पहिलें पद दुसऱ्याशीं, दुसरें तिसऱ्याशीं असें जोडून म्हणावयाचें. जटापाठांत तींच दोन पदें सुलट, उलट व पुन्हां सुलट. घनपाठांत त्याहूनहि गुंतागुंतीचें, तीन तीन पदांचें जाऊन येऊन पठण. परक्यास ती निव्वळ पुनरुक्ति वाटते. परंतु एखादा स्वर किंवा वर्ण चळला तर उलट जातांना तो अडखळल्याशिवाय राहत नाहीं. पाठाची शुद्धता पाठाच्याच रचनेनें तपासली जाते. आजचे संगणकहि मजकुरावर गणित करून त्याची एक खूण काढून ठेवतात. त्यांतील एका प्रचलित रीतीनें मजकूर केवढाहि मोठा असो, खूण ६४ अक्षरांचीच येते, आणि मूळांत एक अक्षर बदललें तरी ती सगळी बदलते. प्रत परत वाचून तीच खूण आली तर पाठ शुद्ध. पद्धत नवी आहे; दक्षता तीच आहे.

ही दक्षता घरांत नसली तर काय होतें तें सांगतों. आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांतील आजी नव्वदी उलटेपर्यंत जात्यावरच्या ओव्या खणखणीत आवाजांत म्हणत. नातसुनेनें दोन उन्हाळे त्यांच्यापाशीं बसून त्या म्हणवून घेतल्या व संगणकांत सांठविल्या. रोज रात्रीं आपोआप दुसऱ्या डिस्कवर प्रत उतरावी, अशी तजवीजहि केली होती. पुढें आजी गेल्या. वर्षश्राद्धास जमलेल्या मंडळींस त्यांचा आवाज ऐकवावा म्हणून संगणक लावला, तो सुरूच होईना. दुसरी डिस्क आणली. तींत पहिल्या उन्हाळ्याच्या सर्व ओव्या होत्या, दुसऱ्या उन्हाळ्याची एकहि नव्हती. मधल्या पावसाळ्यांतच डिस्क भरली होती व प्रत उतरणें थांबलें होतें. तशी सूचना पडद्याच्या कोपऱ्यांत रोज येत असे. ती वाचणें कोणाच्या वांट्याला दिलेलें नव्हतें. आजींनीं माहेरच्या, लहानपणीं आपल्या आजीकडून ऐकलेल्या ओव्या म्हटल्या त्या दुसऱ्या उन्हाळ्यांत. त्या आतां त्या घरांत कोणासहि येत नाहींत. त्यावरून कोणी कोणास बोललें नाहीं. पण ती नातसून त्यानंतर कितीतरी दिवस त्या खोलींत बसत नसे.

सामान्य गृहस्थानें फितीचें यंत्र घ्यावें असें आम्ही सुचवीत नाहीं. त्याची किंमत घरगुती आवाक्याबाहेरची आहे, आणि एका पिढीचें यंत्र फार जुन्या पिढ्यांच्या फिती वाचीतहि नाहीं. आठव्या पिढीचें यंत्र आठवी व सातवी एवढ्या दोनच पिढ्या वाचतें. परंतु ॲमँडाची शिस्त दोन साध्या, काढतां-घालतां येणाऱ्या डिस्कांवरहि पाळतां येते. प्रथम घरांतील एका व्यक्तीस हें काम नांवानें द्यावें, मग ती सून असो, मुलगा असो कीं महाविद्यालयांत जाणारी नात असो. आठवड्यांतील एक रात्र ठरवावी व त्या रात्रीं त्या व्यक्तीनें सर्वांच्या यंत्रांकडे आपण जावें; कोणी आणून देईल म्हणून वाट पाहूं नये. परगांवच्या मंडळींचा फरक जाळ्यावरून मागवावा. काम होतांच डिस्क काढून ठेवावी. जोडलेली राहिली तर ती पुन्हां आरसाच झाली. दोन डिस्का आळीपाळीनें वापराव्या व एक नेहमीं दुसऱ्या गांवच्या आप्ताकडे असावी. व्याह्यांच्या घरीं आपली व आपल्या घरीं त्यांची, अशी देवघेव ठेविली तर दोन्ही घरांचें काम होतें आणि जाणेंयेणेंहि राहतें.

परीक्षेसाठीं खंडेनवमीचा दिवस आम्हांस फार योग्य वाटतो. त्या दिवशीं शस्त्रांबरोबर हत्यारें, अवजारें पुसून पुजण्याची आपली चाल आहे. हल्लीं संगणकासहि गंधफूल वाहतात. गंधफूल वाहण्यापूर्वीं परगांवची डिस्क आणवावी आणि जिच्यावर ती लिहिली गेली त्याहून निराळ्या यंत्राला लावावी. तीन गोष्टी उघडून पाहाव्या: सर्वांत जुनी, सर्वांत नवी, आणि घरांतील सर्वांत लहान मूल डोळे मिटून ज्यावर बोट ठेवील ती. छायाचित्र असेल तर पूर्ण पाहावें, आवाज असेल तर शेवटपर्यंत ऐकावा. नुसतें नांव यादींत दिसलें म्हणून पुढें जाऊं नये. काय उघडलें, कोणी उघडलें व कोणत्या तारखेस, हें घरच्या रोजनिशींत लिहून खालीं सही करावी. एखादी गोष्ट उघडली नाहीं तर मूळ अजून शाबूत आहे तोंवर त्याच दिवशीं नवी प्रत घ्यावी.

ज्या वाचकांनीं ही परीक्षा घेऊन पाहिली त्यांनीं काय उघडलें व काय उघडलें नाहीं, हें दोन ओळींनीं कळविल्यास आम्ही आभारी होऊं. फोनमधील आवाज व चित्रें डिस्कवर कशीं उतरवावीं ह्याविषयीं विशेषतः घरच्या वडील स्त्रियांस अडचणी येतात. त्यांच्या शंका आल्यास पुढील महिन्यांचीं हीं पानें त्यांसाठीं राखून ठेवूं.